उसनें घर आणि समुद्राचा आवाज

सुटींत कोंकणांत किंवा मुंबईस जाऊन आलेल्या आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एखाद्याच्या तरी खिशांत शाळा सुरू होतांना शंख सांपडतोच. तो कानाशीं लावून "समुद्र ऐकूं येतो" असें सांगण्याचा खेळ त्यांच्या आजोबांच्या वेळींही होता, व आजही आहे. प्रस्तुत लेखाचा आरंभ त्याच खेळापासून करण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण शंख आणि आवाज, घर आणि भय यांचा परस्परांशीं निकट संबंध आहे, आणि तो उलगडून दाखविण्याचें काम अलीकडे शास्त्रज्ञांच्या जोडीनें कांहीं कलावंतांनींही अंगावर घेतलें आहे.

प्रथम शंखाची गोष्ट. शंखांतला "समुद्र" हा समुद्र नव्हे. तो आपल्याच कानांतील रक्ताच्या प्रवाहाचा आवाज आहे असें पुष्कळांस वाटतें. परंतु तेंही खरें नाहीं. आपल्या भोंवतीं वाऱ्याची झुळूक, दूरची रहदारी, शेजारच्या खोलींतील हालचाल असे बारीकसारीक आवाज सदैव चालू असतात. संवयीमुळें त्यांकडे आपलें लक्ष जात नाहीं. हे आवाज शंखाच्या पोकळींत शिरले म्हणजे त्यांतील कांहीं स्वर तेथें घुमून मोठे होतात, व बाकीचे दबून जातात. यासच अनुनाद म्हणतात. रिकामा पेला कानाशीं धरला तरी हाच चमत्कार घडतो. आणि बाहेरचा कोणताही आवाज आंत येऊं न देणाऱ्या खोलींत शंख मुका होतो. तात्पर्य, शंख स्वतः कांहींच बोलत नाहीं. भोंवतालीं जें असतें तेंच तो आपणांस ऐकवितो. एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आतां दुसरा प्रश्न. हा शंख कोणाचा? तो बांधिला समुद्रांतील एका गोगलगायीच्या जातीच्या प्राण्यानें. पाण्यांतील चुनखडीचा अंश घेऊन, स्वतःच्या वाढीबरोबर एकेक वळसा घालीत, त्यानें हें घर आयुष्यभर रचिलें. तो मेल्यावर घर मागें राहिलें. परंतु समुद्रांत रिकामें घर फार दिवस रिकामें राहत नाहीं.

मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं एखाद्या डबक्याजवळ थोडा वेळ निश्चल बसावें. पांचदहा मिनिटांनीं असें दिसूं लागतें कीं, तळाशीं पडलेल्या शंखांपैकीं एक शंख चालत आहे, आणि तोही गोगलगायीच्या मंद गतीनें नव्हे, तर तुरुतुरु. आपली सावली त्यावर पडतांच तो टपकन थांबतो व निर्जीव होऊन पडतो. त्याच्या तोंडाशीं निरखून पाहिल्यास एका लहानशा नांगीनें दार बंद केलेलें दिसतें. हा त्या घराचा दुसरा रहिवासी. इंग्रजींत यास हर्मिट क्रॅब, म्हणजे संन्यासी खेकडा, असें म्हणतात. आम्हांस मात्र हें नांव यथार्थ वाटत नाहीं. संन्यासी घराचा त्याग करितो. हा बिचारा तर घरावांचून एक क्षणही राहूं शकत नाहीं. जपानी भाषेंत त्यास "यादोकारी" म्हणतात, व त्याचा अर्थ "उसन्या घरांत राहणारा" असा आहे. हें नांव अधिक खरें होय.

या प्राण्याची शरीररचना पाहिली म्हणजे त्याची अडचण कळते. इतर खेकड्यांचें सर्वांग कठीण कवचानें झांकलेलें असतें. याच्या मात्र नांग्या व पुढचा भागच काय तो टणक. मागचें पोट अगदीं मऊ, उघडें आणि एका बाजूस वळलेलें असतें. हें वळलेलें पोट तो शंखाच्या वळशांत घालतो, आणि शेपटाकडील आंकड्यांसारख्या अवयवांनीं शंखाचा मधला खांब आंतून घट्ट पकडतो. म्हणूनच त्यास ओढून काढूं पाहणाऱ्या मुलास कधीं कधीं तो तुटलेला मिळतो. परंतु घर सोडीत नाहीं. मुलांनीं हा प्रयोग कदापि करूं नये.

बरें, एकदां घर मिळालें म्हणजे चिंता मिटली असेंही नाहीं. खेकडा वाढतो, शंख वाढत नाहीं. म्हणून त्यास आयुष्यांत अनेकदां घर बदलावें लागतें. रिकामा शंख दिसला कीं तो नांगीनें व मिशांनीं त्याची आंतबाहेर परीक्षा करितो, व पसंत पडल्यास क्षणार्धांत पोट बाहेर काढून नव्या घरांत शिरतो. तो अर्धा क्षण मोठ्या जोखमीचा असतो, कारण त्या वेळीं त्याच्या अंगावर कांहींच नसतें. कित्येकदां एका मोठ्या रिकाम्या शंखाभोंवतीं अनेक खेकडे आकारमानाप्रमाणें रांग धरितात. सर्वांत मोठा नव्या घरांत गेला कीं दुसरा त्याच्या सोडलेल्या घरांत, तिसरा दुसऱ्याच्या, अशी सगळी रांग एका पायरीनें वर सरकते. एका शंखानें अनेकांची सोय लागते. पण नेहमींच असा समंजसपणा दिसतो असें मात्र नव्हे. कधीं एक खेकडा आपला शंख दुसऱ्याच्या शंखावर पुन्हां पुन्हां आपटतो. शास्त्रज्ञांनीं या ठोक्यांचा अभ्यास केला, तेव्हां असें आढळलें कीं, ठोके जितके जोराचे व जितके भराभर पडतात तितकें आंतल्या रहिवाशानें घर सोडून देण्याचें प्रमाण अधिक. म्हणजे दारावरची थाप ऐकून घर सोडावें लागणें हें दुःख केवळ मनुष्याच्याच वांट्यास आलेलें नाहीं.

या क्षुद्र प्राण्याकडे जपानांतील आकी इनोमाता या कलावतीचें लक्ष गेलें, तें एका राजकीय कारणानें. २००९ सालीं टोकियो येथील फ्रेंच वकिलातीच्या जुन्या इमारतींत एक कलाप्रदर्शन भरलें होतें, व त्यांत तिनें भाग घेतला होता. त्या वकिलातीची जमीन २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत फ्रान्सची होती. त्यानंतर ती पन्नास वर्षें जपानची होऊन पुनः फ्रान्सला परत जावयाची होती. जमीन तीच, माती तीच. देश मात्र बदलला, आणि तोही एकही गोळी न झाडतां! हें ऐकून इनोमातास शंख बदलणाऱ्या खेकड्याची आठवण झाली, आणि तिनें ठरविलें कीं आपण खेकड्यांस घर बांधून द्यावें.

काम वाटलें तितकें सोपें नव्हतें. तिनें आरंभीं आपल्या कल्पनेप्रमाणें घरें केलीं. खेकड्यांनीं त्यांकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. तेव्हां तिनें खऱ्या शंखांचें सी. टी. स्कॅन करविलें. रुग्णालयांत रोग्याच्या शरीराची आंतील रचना ज्या किरणांच्या साहाय्यानें पाहतात, त्याच रीतीनें तिनें शंखाच्या आंतील वळसे पाहिले, मोजले, आणि मग थ्रीडी मुद्रणयंत्रावर पारदर्शक राळेसारख्या पदार्थाचें, आंतून हुबेहूब शंखासारखें घर तयार केलें. बाहेरून मात्र त्याच्या माथ्यावर तिनें एकेक नगर उभें केलें: कोठें न्यूयॉर्कचे गगनचुंबी इमले, कोठें मोरोक्कोंतील आयत बेनहद्दू हें मातीच्या घरांचें गांव, कोठें ग्रीस देशांतील सँटोरीनी बेट. हीं घरें खेकड्यांपुढें ठेविलीं, तेव्हां त्यांतील कांहींनीं तीं पसंत केलीं. कांचेच्या पेटींतील पाण्यांत डोक्यावर न्यूयॉर्क घेऊन फिरणारा खेकडा पाहून प्रेक्षक प्रथम हंसतात, व मग विचारांत पडतात. अशा प्रकारच्या कलाकृतीस मांडणशिल्प म्हणतात. तींत चित्र भिंतीवर टांगलेलें नसतें, तर वस्तु, जागा, प्रकाश, आवाज आणि कधीं सजीव प्राणी यांच्या एकत्र मांडणींतून अर्थ उभा केलेला असतो.

यांत अर्थ तो कोणता, असें पालक विचारतील. आमच्या अल्पमतीस तो असा दिसतो. खेकडा आज पॅरिस सोडून टोकियोंत शिरतो, तरी तो खेकडाच राहतो. मनुष्यही देश बदलतो, व मनुष्यच राहतो. परंतु त्याच्या डोक्यावरचें नगर पाहूनच जग त्याची किंमत ठरवितें. २०२४ च्या अखेरीस युद्ध, छळ व हिंसा यांमुळें आपलें घर सोडावें लागलेल्या मनुष्यांची संख्या बारा कोटींहून अधिक होती, असें संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेचें अनुमान आहे. त्यांतील प्रत्येकाच्या आयुष्यांत तो खेकड्याचा अर्धा क्षण आलेला आहे, ज्यांत जुनें घर सुटलें आणि नवें अद्याप मिळालें नाहीं.

आणखी एक गोष्ट चटकन ध्यानांत येत नाहीं. तें घर पारदर्शक आहे. एरव्हीं शंखांत दडलेलें मऊ पोट त्यांतून आपणांस स्पष्ट दिसतें. म्हणजे या घरानें खेकड्यास आघातापासून आसरा दिला, परंतु नजरेपासून दिला नाहीं. आसरा देणारानें आसऱ्याची केवढी किंमत घ्यावी, हा प्रश्न त्या पारदर्शक भिंतींत आहे. जिवंत प्राण्यास प्रदर्शनांत ठेवावें काय, अशीही शंका कोणी घेईल. ती रास्त आहे. त्यावर इतकेंच म्हणतां येईल कीं, घर स्वीकारणें न स्वीकारणें हें खेकड्यावर सोपविलेलें होतें, आणि त्यानें प्रथम दिलेला नकार कलावतीनें मानला.

याच कलावतीनें पुढें २०१६-१७ सालीं आठ भुजांच्या ऑक्टोपसला अमोनाइट नांवाच्या, कोट्यवधि वर्षांपूर्वीं नष्ट झालेल्या प्राण्याच्या कवचाची प्रतिकृति देऊन पाहिली. ऑक्टोपस व अमोनाइट हे दूरचे नातलग होत. ऑक्टोपसच्या पूर्वजांनीं कवच टाकिलें, म्हणून त्याचें अंग चपळ झालें, परंतु उघडेंही पडलें. तरी आसऱ्याची त्याची ओढ गेलेली नाहीं. इंडोनेशियाच्या समुद्रांत एक जातीचा ऑक्टोपस नारळाच्या करवंट्या पोटाशीं धरून तळावरून चालत जातो, व भय वाटतांच त्या जोडून आंत लपतो, असें शास्त्रज्ञांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलें.

येथवर घराच्या भिंतींविषयीं झालें. परंतु आसरा केवळ भिंतींनीं पुरा होतो काय? चोर येत असल्याची चाहूलच न लागली, तर भक्कम दार काय कामाचें? येथें आवाजाचा प्रश्न येतो.

समुद्राचें पोट शांत असतें, अशी फार दिवसांची समजूत होती. ती चुकीची आहे. पाण्यांत प्रकाश फार खोल पोंचत नाहीं. आवाज मात्र सेकंदास सुमारें दीड हजार मीटर, म्हणजे हवेंतल्यापेक्षां चौपटीहून अधिक वेगानें धांवतो. म्हणून जलचरांना डोळ्यांपेक्षां आवाजाचाच आधार पुष्कळदां मोठा असतो. उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांत पाण्याखालीं ऐकण्याचें यंत्र, म्हणजे हायड्रोफोन, सोडलें तर तव्यावर फोडणी तडतडावी तसा आवाज अखंड ऐकूं येतो. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या पाणबुड्यांचा कानोसा घेणाऱ्यांना या तडतडीनें हैराण केलें होतें, व तपासाअंतीं तिचा उगम बोटाएवढ्या कोळंबींत निघाला. ही कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगानें मिटते कीं पाण्याची धार उडून एक बुडबुडा उत्पन्न होतो. आणि तो बुडबुडा फुटतांना हा आवाज होतो, हें २००० सालीं सिद्ध झालें.

या गोंगाटाचाही उपयोग आहे. प्रवाळाच्या खडकांत वाढणारे मासे बालपणीं खुल्या समुद्रांत तरंगत असतात. घर शोधावयाची वेळ आली म्हणजे ते गजबजलेल्या खडकाच्या आवाजाकडे येतात. खडक मेला, कीं तो मुका होतो; आणि मुक्या घराकडे नवा रहिवासी येत नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफमधील लिझर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनीं मृत प्रवाळांच्या ढिगाऱ्यांजवळ ध्वनिवर्धक ठेवून निरोगी खडकाचे आवाज चाळीस दिवस ऐकविले. आवाज न ऐकविलेल्या जागांच्या मानानें तेथें दुप्पट मासे वस्तीस आले, व जातींची संख्याही दीडपट झाली. हा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ आवाजानें मेलेलें प्रवाळ जिवंत होत नाहीं, हें खरें. परंतु घर म्हणजे जागा आणि तिच्यांतून येणारी हांक, हें त्यावरून कळतें.

नॉर्वेंतील याना विंडरेन या कलावतीनें हीच हांक मनुष्याच्या कानांपर्यंत आणिली. तिनें कलेबरोबरच गणित, रसायन व मत्स्यजीवन यांचाही अभ्यास केलेला आहे. बॅरेन्ट्स समुद्र, ग्रीनलंड, नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्या आणि हिमनद्यांच्या भेगा यांत हायड्रोफोन सोडून तिनें तेथील ध्वनि टिपले. त्यांवरून रचिलेल्या "एनर्जी फील्ड" या ध्वनिकृतीस २०११ सालीं ऑस्ट्रियांतील प्री आर्स इलेक्ट्रॉनिका या स्पर्धेचें मुख्य पारितोषिक मिळालें. तिच्या मांडणींत पाहण्यासारखें फारसें नसतें. भोंवतीं ठेवलेल्या अनेक ध्वनिवर्धकांतून मासे, कवचधारी जीव व बर्फ यांचे आवाज श्रोत्यास वेढून टाकतात. आपणांस निर्जन वाटणारी जागा किती भरलेली आहे, हें तेथें कानांनीं कळतें. आरंभीं सांगितलेल्या शंखाप्रमाणेंच ती स्वतः कांहीं न बोलतां भोंवतालचें ऐकविते.

आतां या दोन गोष्टी, घर व आवाज, एकत्र जोडून पाहूं. कॅरिबियन प्रदेशांतील शंखवासी खेकड्यांवर २०१० सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांच्याकडे एक खोटा शत्रु हळूहळू सरकवीत आणिला. शांतता असतांना ते तो दूर असतांनाच शंखांत दडले. पण त्याच वेळीं मोटारबोटीचा आवाज ऐकविला, तेव्हां त्यांनीं शत्रूस पुष्कळ जवळ येऊं दिलें, व मग ते लपले. गोंगाटानें त्यांचें लक्ष विचलित झालें होतें. शंख तोच, खेकडा तोच. परंतु आसरा कमी झाला. गोंगाटांत अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस हा अनुभव नवा वाटूं नये.

मनुष्यानें केवळ आवाजच पाठविला असें नाहीं, खोटीं घरेंही पाठविलीं. लोकांनीं जगभर काढलेल्या छायाचित्रांचा शोध घेऊन पोलंडमधील शास्त्रज्ञांनीं २०२४ सालीं दाखविलें कीं, जमिनीवर राहणाऱ्या शंखवासी खेकड्यांच्या सोळा जातींपैकीं दहा जातींचे खेकडे बाटल्यांचीं झांकणें व असाच कचरा पाठीवर घेऊन फिरत आहेत. त्यांना असे ३८६ खेकडे आढळले. याहून शोचनीय गोष्ट हिंदी महासागरांतील कोकोस (कीलिंग) बेटांची व पॅसिफिकमधील हेंडरसन बेटाची आहे. तेथें प्लॅस्टिकच्या बाटल्यांत व डब्यांत शिरून सुमारें ५,७०,००० खेकडे मेले असावेत, असा हिशेब २०२० सालीं छापून आला. तिरप्या पडलेल्या बाटलींत खेकडा शिरतो. गुळगुळीत बाजूंमुळें त्यास बाहेर येतां येत नाहीं. व तो तेथेंच मरतो. मेलेल्या खेकड्याचा वास म्हणजे इतरांना "एक घर रिकामें झालें" अशी बातमी. ती ऐकून दुसरा येतो, त्यामागून तिसरा. ज्या रांगेनें समुद्रकांठीं अनेकांना घर मिळत होतें, तीच रांग येथें मृत्यूकडे चालत जाते. आमच्या वाचनांत याहून करुण अशी गोष्ट क्वचितच आली असेल.

मग आपण करावें तरी काय? मोठमोठ्या गोष्टी सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. दोन लहान गोष्टी सांगतों. पहिली, समुद्रकांठीं गेल्यावर बाटली, झांकण, डबा यांपैकीं कांहींही तेथें टाकूं नये. दुसऱ्यानें टाकलेलें दिसल्यास उचलावें. दुसरी, शंख पाहावा, हातांत घ्यावा, कानाशीं लावावा, आणि तेथेंच ठेवून यावें. एका शंखानें काय होतें, असें कोणी म्हणेल. स्पेन देशांतील लार्गा या किनाऱ्यावर सुमारें तीस वर्षांच्या अंतरानें शिंपल्यांची मोजणी झाली. त्या अवधींत पाहुण्यांची संख्या पावणेतीन पट झाली, व शिंपले निम्म्याहूनही कमी उरले. त्या पाहुण्यांपैकीं प्रत्येकानेंही एका शंखानें काय होतें असेंच म्हटलें असेल. शिवाय आपल्या देशांत कांहीं जातींच्या शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, हें पालकांनीं विकत घेण्यापूर्वीं ध्यानांत ठेवावें.

ज्या विद्यार्थ्यांच्या खिशांत यंदा शंख आहे, त्यांस आम्ही रागावत नाहीं. फक्त तो एकदां कानाशीं लावून त्यांनीं विचार करावा, कीं हें कोणाचें तरी घर होतें, आणि कोणाचें तरी घर व्हावयाचें होतें. पुढच्या सुटींत तो परत किनाऱ्यावर नेऊन ठेवला, तर ओहोटीच्या डबक्यांत एखादी रांग एका पायरीनें वर सरकेल. तें दृश्य ज्यास दिसेल, त्यानें पुढील अंकासाठीं तें अवश्य लिहून पाठवावें.